ईएन २४ चा शाफ्ट: स्ट्रेस रिलीव्हिंगनंतर हार्डनेस ३८ वरून ३२ वर. कुठं बिनसलं?

कीवे_आणि_कटर (जळगाव)
रामराम मंडळी. जळगाव एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. पाइपवाले, ठिबकवाले, चटईवाले यांच्या मशिनांचे सुटे भाग हे रोजचं काम. सध्या एका शाफ्टवरून डोकं उठलंय.

जॉब असा: एक्स्ट्रूडरच्या गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट, ईएन २४ (निकेल-क्रोम-मोलिब्डेनमचं पोलाद), व्यास ९० मिमी, लांबी ११०० मिमी. ड्रॉइंगवर हार्डनेस (कडकपणा) ३६ ते ४० एचआरसी, म्हणजे रॉकवेल मापात. बार रफ करून हार्डनिंग-टेम्परिंगला (तापवून-विझवून कडक करायचं, मग पुन्हा तापवून हवा तेवढा नरम करायचा) बाहेर पाठवला. परत आला तेव्हा ३८ भरला, आम्ही स्वतः बघितला. मग टर्निंग केलं, दोन्ही टोकांना कीवे (चावी बसायच्या खाचा) मारले. कीवे मारल्यावर डायल लावलं तर मधोमध चांगलाच बाक. म्हणून फिनिशिंगच्या आधी स्ट्रेस रिलीव्हिंग (एसआर, म्हणजे भट्टीत तापवून आतला ताण काढणं) करून घ्यायचं ठरलं. पहिल्या भट्टीवाल्याकडे नंबर नव्हता, दुसऱ्याकडे टाकला.

तिथून आल्यावर हार्डनेस ३२. पार्टी माल घ्यायला तयार नाही. दुसरा भट्टीवाला म्हणतो, "स्ट्रेस रिलीव्हिंगने हार्डनेस जात नसतो, तुमचं मटेरियलच हलकं." पहिला म्हणतो, "मी ३८ दिला, माझा रिपोर्ट आहे." आम्ही मध्ये. कुणाचं खरं?

अमळनेरचा_लेथवाला
दोघांचे चार्ट टाका. एसआर किती अंशाला केलं? आणि आधीचं टेम्परिंग किती अंशाला झालं होतं? बाकी गप्पा नंतर.

कीवे_आणि_कटर
दुसऱ्याच्या चार्टवर ६२० अंश सेल्सिअस, अडीच तास होल्ड, ३०० पर्यंत भट्टीतच थंड, मग बाहेर. पहिल्याच्या सर्टिफिकेटवर फक्त "हार्डन्ड अँड टेम्पर्ड, ३७-३९ एचआरसी". टेम्परिंगचं तापमान नाही लिहिलेलं.

निवृत्त_फोरमन (भुसावळ)
दुसरा माणूस चूक बोलत नाही. आमच्या शॉपमध्ये वेल्डिंग केलेल्या फ्रेमा, ब्रॅकेटं, बेडप्लेटी सगळं ६०० ते ६५० ला एसआर व्हायचं. आधी-नंतर ब्रिनेल (हार्डनेस मोजायची दुसरी पद्धत) मारायचो. पाच-दहा पॉइंटांचा फरक, तो तर मोजण्यातही येतो. एसआर हे क्रिटिकल तापमानाच्या खाली असतं, पोलादाची रचना बदलत नाही, मग हार्डनेस कसा बदलेल? मटेरियल तपासा. बाजारात ईएन २४ म्हणून ईएन १९ विकतात, आणि ईएन १९ म्हणून काय विकतात ते देवालाच ठाऊक.

धातूवाली (मूळ धुळे, सध्या पुणे)
आप्पा, तुमचं निरीक्षण शंभर टक्के खरं आहे, पण ते वेगळ्या मालाचं आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण हा घोटाळा महाराष्ट्रभर रोज कुठल्या ना कुठल्या शॉपमध्ये होतो.

आधी ताण सुटतो कसा ते बघू. बारच्या आत वेगवेगळे थर एकमेकांना ओढून-दाबून धरून असतात. सगळं मिळून बेरीज शून्य, म्हणून बार सरळ दिसतो. आपल्याकडच्या बाजेसारखं: एका बाजूच्या दोऱ्या कापल्या की चौकट दुसऱ्या बाजूला वाकते. कीवे मारणं म्हणजे तेच. एका बाजूचा ताणलेला थर काढून टाकला, उरलेला बार नवा तोल शोधत वाकला.

आता तापमान वाढवलं की पोलादाची यील्ड स्ट्रेंग्थ, म्हणजे कायमचं वाकायला लागणारा ताण, उतरते. ६०० अंशाला ती खोलीच्या तापमानाच्या मानाने फारच कमी राहते. आत अडकलेला ताण त्या उतरलेल्या यील्डपेक्षा जास्त असेल, तर धातू तिथल्या तिथे सूक्ष्म प्रमाणात सरकतो आणि ताण सुटतो. उरलेला होल्डच्या वेळात क्रीपने (गरम धातूच्या संथ सरकण्याने) हळूहळू कमी होतो. साध्या कार्बन स्टीलला म्हणूनच ५५० ते ६५० ची शिफारस असते, आणि जाडीच्या दर २५ मिमीला साधारण एक तास. मग हळू थंड करायचं, नाहीतर बाहेरचा थर आधी थंड होऊन नवा ताण तयार होतो.

या सगळ्यात कुठेही "हार्डनेस बदलतो" किंवा "बदलत नाही" असा नियम नाही. ते ठरतं माल आधी कोणत्या अवस्थेत आहे त्यावरून. एमएस (साधं मऊ पोलाद), किंवा नॉर्मलाइज केलेला (तापवून हवेत थंड केलेला) ईएन ८, यात फेराइट आणि परलाइट असतं. ही रचना आधीच स्थिर. ७२३ अंशांच्या आसपासच्या क्रिटिकल तापमानाखाली थोडा वेळ ठेवली तर तिच्यात फारसं काही घडत नाही. आप्पांच्या फ्रेमा या गटातल्या.

कीवे_आणि_कटर यांचा शाफ्ट हार्डन केलेला आहे. त्याच्यात मार्टेन्साइट आहे, टेम्पर केलेलं. मार्टेन्साइट ही धातूला जबरदस्तीने दिलेली अवस्था. कार्बन जाळीत कोंडलेला असतो आणि उष्णता मिळेल तसा तो बाहेर पडून कार्बाइड बनतो, कार्बाइडचे कण मोठे होतात, हार्डनेस उतरतो. टेम्परिंग म्हणजे हेच, हवं तिथे थांबवलेलं. ३८ एचआरसीला थांबवलं म्हणजे ढोबळमानाने ५४० च्या आसपास टेम्पर केलं असणार. त्यावर तुम्ही ६२० ला एसआर केलंत. भट्टीला काय माहीत तुम्ही त्याला एसआर म्हणता की टेम्परिंग! तिने ६२० ला टेम्पर करून दिलं, आणि ६२० ला टेम्पर केलेला ईएन २४ साधारण ३२-३३ च देतो.

मटेरियल बहुधा ठीकच आहे. उलट ३२ भरला यावरूनच वाटतं की ईएन २४ खरा आहे. ईएन १९ असता तर ६२० नंतर याहून खाली गेला असता.

केळीबाग (रावेर)
मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण बाजेचं कळलं. वाचतोय.

निवृत्त_फोरमन
ताई, मान्य. हार्डन केलेला माल आमच्याकडे एसआरला यायचाच नाही, तो टूल रूमचा विषय होता. म्हणून तसं दिसलं नसेल. पण मग हार्डन केलेल्या मालाला एसआर करायचंच नाही का?

धातूवाली
करायचं की. फक्त आधीच्या टेम्परिंगच्या तापमानापेक्षा किमान २५-३० अंश खाली. ५४० ला टेम्पर झालं असेल तर ५१० पर्यंत. हार्डनेस जागेवर राहतो.

पण याची किंमत आहे आणि ती कुणी सांगत नाही. ५१० ला ६२० एवढा ताण सुटत नाही. त्यात ईएन २४ मध्ये निकेल, क्रोमियम, मोलिब्डेनम असल्याने तो गरम असतानाही बऱ्यापैकी ताकद धरून राहतो. जे गुण आपण पैसे देऊन विकत घेतले तेच इथे आडवे येतात. हार्डनेसही ठेवायचा आणि ताणही पूर्ण घालवायचा, असं एका भट्टीत होत नाही. म्हणून माझ्या मते खरी दुरुस्ती भट्टीत नाही, प्रोसेसच्या क्रमात आहे. कीवे, स्प्लाइन, मोठे खांदे, जे काही भरपूर माल काढायचं काम आहे ते हार्डनिंगच्या *आधी* करा, दोन-तीन मिमी ठेवून. मग हार्डनिंग. त्यानंतरचं टेम्परिंग हेच तुमचं स्ट्रेस रिलीव्हिंग. पुढे फक्त बारीक कट राहतात, त्याने शाफ्ट हलत नाही. हलला तरी फिनिश अलाउन्समध्ये बसतो.

डिप्लोमा_तिसरं_वर्ष (धुळे)
मॅडम, एक शंका. मग बाजारात ईएन २४ टी मिळतो, आधीच हार्डन-टेम्पर केलेला. तो आम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टला आणला आणि ६०० ला एसआर केला, हार्डनेस जवळजवळ तेवढाच राहिला. तिथे का नाही उतरला?

धातूवाली
छान प्रश्न. टी कंडिशन म्हणजे ८५० ते १००० एमपीए, ब्रिनेलमध्ये २४८ ते ३०२. एवढा खाली आणायला कारखान्यातच तो साधारण ६५० च्या आसपास टेम्पर केलेला असतो. तुमचं ६०० त्याच्या खाली बसलं, म्हणून काही झालं नाही. तोच ईएन २४ जर डब्ल्यू किंवा एक्स कंडिशनचा असता, म्हणजे वरच्या हार्डनेसचा, तर ६०० ला मऊ झाला असता. माल एकच, फरक फक्त त्याने याआधी शेवटचं जास्तीत जास्त किती तापमान सोसलंय याचा.

अमळनेरचा_लेथवाला
ताई, बठं बरोबर शे, पण एक भर घालतो. ब्राइट बार. कोल्ड ड्रॉ केलेला ईएन ८ किंवा एमएस. त्याला हार्डनिंग नाही, मार्टेन्साइट नाही, तरी ६०० ला एसआर केल्यावर मऊ होतो. आम्ही हायड्रॉलिकच्या पिस्टन रॉडला हे भोगलंय. बाहेरून चकचकीत, कीवे मारला की धनुष्य. एसआर केलं की सरळ राहतो, पण मग लेथवर चिवट लागतो, चिप तुटत नाही.

धातूवाली
बरोबर, तो तिसरा गट. थंड ओढल्याने जो हार्डनेस वाढतो तो विकृतीमुळे, म्हणजे आतल्या गुंत्यामुळे. तापमान वाढवत नेलं की आधी ताण सुटतो आणि हार्डनेस जवळपास तसाच राहतो. पुढे नवे दाणे तयार व्हायला लागले की हार्डनेस धाडकन उतरतो. म्हणून ब्राइट बारला किती वाकणं चालेल आणि किती ताकद लागेल, यावर तापमान ठरवायचं. आणि गंमत म्हणजे २०० ते ३०० च्या पट्ट्यात असा बार किंचित *कडक* होतो. थंड गुंडाळलेल्या स्प्रिंगला म्हणूनच २०० ते ३०० च्या दरम्यान एसआर देतात. तिथे हार्डनेस जात नाही, उलट इलॅस्टिक लिमिट सुधारते.

भट्टीवाला_नाशिक
मी मूळ चोपड्याचा, इथे सातपूरला भट्टी आहे. आमच्या धंद्याची बाजू मांडतो, रागावू नका.

भांडण सुरू करण्याआधी ३२ हा आकडा खरा आहे का ते बघा. एसआर झालेल्या जॉबवर पातळ स्केल असतं. त्यावर थेट मोजलं तर काहीही येतं. हार्डनिंगच्या वेळी भट्टीत नीट वातावरण नसेल तर वरचा थर कार्बन गमावून बसतो, तोही मऊ. अर्धा मिमी घासून, चकचकीत करून मोजा. गोल पृष्ठभागावर रॉकवेल मारलं तर आकडा कमी दिसतो, बारीक व्यासाला त्याचं करेक्शन असतं. ९० मिमीला ते नगण्य, पण पिनांना विसरू नका. हातातलं लीब टेस्टर (ठोका उडवून हार्डनेस मोजणारं) असेल तर जॉबचं वजन बघा. पाच किलोच्या आतले भाग जड प्लेटवर नीट बसवल्याशिवाय ते फसवतं. हा शाफ्ट पन्नास किलोच्या वर आहे, तिथे अडचण नाही. आणि पोल्डी हातोड्यावर (हातोडी मारून खळग्यावरून हार्डनेस काढायचं साधन) बिल थांबवू नका बाबांनो, तो अंदाज घ्यायला आहे.

दुसरं, भट्टीच्या डिस्प्लेवर ६२० म्हणजे जॉब ६२० असं नाही. थर्मोकपल भिंतीशी असतो, जॉब मध्ये. भट्टी पूर्ण भरली असेल तर आतल्या जॉबला पोचायला वेळ लागतो. म्हणून जाडीचा होल्ड जॉब तापमानाला आल्यापासून मोजायचा. चांगले लोक जॉबला थर्मोकपल बांधतात.

तिसरं, आम्हाला चलनावर येतं काय? "शाफ्ट, १ नग, एसआर करून द्या." बस. मटेरियल ईएन २४ लिहिलेलं असलं तरी आम्ही मानतो की तो अॅनील किंवा टी असेल. बारा पार्ट्यांचा माल एका चार्जमध्ये ६२० ला जातो.

कीवे_आणि_कटर
घासून पुन्हा मोजला. ३२, ३३, ३२. आकडा खराच आहे.

आणि पहिल्या भट्टीवाल्याला फोन केला. त्याने रजिस्टर बघून सांगितलं: ८४० ला ऑइल क्वेंच, टेम्परिंग ५४५, दोन तास. धातूवाली ताईंचा अंदाज पाच अंशांनी चुकला.

डिप्लोमा_तिसरं_वर्ष
फक्त तापमानच मोजायचं का? वेळेचं काय? समजा ५४० ला टेम्पर झालं आणि परत ५४० लाच दोन तास एसआर केलं तर?

धातूवाली
वेळेचाही वाटा असतो, पण तापमानाच्या मानाने कमी. होलोमन आणि जाफे यांनी १९४५ मध्ये यासाठी एक सोपं नातं मांडलं, आजही वापरतात. तापमान केल्व्हिनमध्ये घ्या, त्याला (२० + तासांचा लॉग) ने गुणा. जो आकडा येतो तो सारखा असेल तर हार्डनेस ढोबळमानाने सारखा.

५४० अंश म्हणजे ८१३ केल्व्हिन. दोन तासांचा लॉग ०.३. गुणाकार साधारण १६,५००. त्याच तापमानाला अजून दोन तास ठेवलं, एकूण चार तास, तर आकडा सुमारे १६,७५०. हा आकडा दोन तासांत गाठायचा तर तापमान साधारण ५५२ लागेल. म्हणजे वेळ दुप्पट करणं हे टेम्परिंग बारा अंशांनी वाढवण्याइतकं. हार्डनेस थोडा सरकेल, पॉइंट-अर्धा पॉइंट. आता तुमचा ६२० ला अडीच तास घ्या: ८९३ गुणिले २०.४, म्हणजे १८,२०० च्या वर. कुठे १६,५०० आणि कुठे १८,२००. ३८ चा ३२ होणारच होता.

उलटही करून बघा. ५१० ला चार तास ठेवलं तर १६,१०० च्या आसपास. १६,५०० च्या खाली, म्हणून हार्डनेस सुरक्षित. २५-३० अंशांचा नियम यातूनच येतो, तो कुणाच्या मनाचा नाही.

वीजटंचाई_ग्रस्त (दोंडाईचा)
मध्येच लाइट गेली तर? आमच्याकडे हा रोजचा प्रश्न. भट्टी ५८० ला होती, गेली, तासाभराने आली, परत तापवलं.

भट्टीवाला_नाशिक
भट्टी बंद ठेवून दरवाजा उघडला नसेल तर घाबरू नका. हळू थंड होणं एसआरला पोषकच. परत तापवल्यावर उरलेला होल्ड द्या. हार्डन केलेला माल असेल तर वरचं जास्तीत जास्त तापमान ओलांडलं नाही ना एवढं बघा. एकूण वेळ थोडा वाढला तर ताईंनी वर हिशोब दिलाच आहे.

तुषार_व्हायब्रो
भट्टी हवीच कशाला? व्हायब्रेशनने स्ट्रेस रिलीव्ह होतं. जॉबला मोटर बांधायची, अर्धा तास थरथरवायचं. हार्डनेसला धक्का नाही, स्केल नाही, विजेचं बिल नाही.

धातूवाली
हार्डनेसला धक्का नाही हे खरं, कारण तापमानच नाही. मोठ्या वेल्डेड बेडसाठी लोक वापरतात आणि मशीनिंगमध्ये माप स्थिर राहतं असं सांगतात. ताण किती सुटतो यावर मात्र एकमत नाही, आणि जिथे कोड भट्टीतलं एसआर मागतो तिथे हे चालत नाही. ९० व्यासाच्या हार्डन केलेल्या शाफ्टला मी तरी सुचवणार नाही.

कीवे_आणि_कटर
बरं, आता शाफ्टचं काय करू? बेअरिंग सीटवर अडीच मिमी मार्जिन आहे. कीवे रफ आहेत, दीड मिमी बाकी. पार्टीला ३६ हवाच.

अमळनेरचा_लेथवाला
पार्टीला आधी विचारा ३६ हवा कशासाठी. ३२ एचआरसी म्हणजे जवळपास हजार एमपीए, ३८ म्हणजे अकराशे ऐंशीच्या आसपास. गिअरबॉक्सच्या डिझाइनमध्ये तेवढा फॅक्टर असेल तर डेव्हिएशनवर घेतील. ऑइल सीलच्या जागेला तर ३८ सुद्धा कमीच पडतो. तिथे इंडक्शन करणार असतील तर कोअरचा फरक चालूही शकतो.

कीवे_आणि_कटर
विचारलं. डिझाइनवाले नाही म्हणाले, थकव्याचा हिशोब ३६ वर केलाय म्हणे. त्यांचा मुद्दा पटला.

धातूवाली
मग पुन्हा हार्डनिंग. होऊ शकतं, पण जपून. ८४० ला, ऑइल क्वेंच. शाफ्ट उभा टांगून, आडवा ठेवून नाही. ११०० लांबी आडवी गरम केली तर स्वतःच्या वजनाने झोका घेते. कीवेचे कोपरे ही भेगेची जागा. कोपऱ्यांना रेडियस असेल तर बरं, धारदार असतील तर आधी गोल करा, आणि कीवे फायर क्लेने भरून पाठवा. टेम्परिंग ५४० ते ५४५. सरळ करायचं असेल तर टेम्परिंगमधून काढल्या-काढल्या, गरम असतानाच. थंड झाल्यावर प्रेसवर दाबू नका. मग रफिंगचा एक हलका कट, ५१० ला एसआर आणि फिनिश.

एक गोष्ट सांगते, ती हार्डनेस टेस्टरला दिसत नाही. निकेल-क्रोम पोलाद साधारण ३७५ ते ५७५ च्या पट्ट्यातून हळू थंड झालं तर ठिसूळ होऊ शकतं. हार्डनेस तोच, पण आघात सोसण्याची ताकद जाते, आणि ते फक्त आयझॉड किंवा शार्पी टेस्टमध्ये कळतं. ईएन २४ मधलं मोलिब्डेनम मुख्यतः यासाठीच घातलेलं असतं, म्हणून इथे धोका कमी. पण मोलिब्डेनम नसलेल्या निकेल-क्रोम मालाला भट्टीत हळू थंड करायच्या आधी दोनदा विचार करा.

निवृत्त_फोरमन
हे मात्र आमच्या टूल रूमवाल्यांच्या तोंडून ऐकलंय. ते टेम्परिंगनंतर ऑइलमध्ये टाकायचे, आम्हाला वाटायचं घाई आहे म्हणून.

वीजटंचाई_ग्रस्त
बरं, भांडणाचा निकाल काय? पैसे कुणी द्यायचे?

भट्टीवाला_नाशिक
निकाल द्यायला मी न्यायाधीश नाही. पण "मटेरियल हलकं" म्हणणारा चुकीचं बोलला, हे वर सिद्ध झालं. ६२० ला घालताना "आधी हार्डन झालंय का?" एवढा एक प्रश्न विचारायला हवा होता. पहिल्यानेही सर्टिफिकेटवर टेम्परिंग तापमान लिहायला हवं होतं. ते लपवण्यात कसलं गुपित असतं मला कळत नाही. मी चलनावर आता एक रकाना छापून घेतलाय: "आधीचं टेम्परिंग / शेवटचं तापमान". रिकामा असेल तर जॉब भट्टीत जात नाही, आधी फोन जातो. आणि पार्टीने नुसतं "एसआर करा" न लिहिता "कमाल ५१० अंश, एसआरनंतर हार्डनेस ३६-४०" असं लिहिलं की कुणाला वाद घालायला जागाच उरत नाही.

साईकृपा_गिअर्स (अवधान)
केस हार्डन (फक्त वरचा थर कडक) केलेल्या गिअरवाल्यांनी यातून चुकीचा अर्थ काढू नका. २० एमएन सीआर ५ चा पिनियन, वर ५८ ते ६२ एचआरसी, त्याचं टेम्परिंग १५०-१८० लाच झालेलं असतं. त्याला ५०० सुद्धा नाही आणि ४०० सुद्धा नाही. ग्राइंडिंगनंतर ताण काढायचा तर १५० च्या आसपास, तेवढंच. ओएचएनएसच्या (ऑइलमध्ये कडक होणारं टूल स्टील) ब्लेडचंही तसंच: १८०-२०० ला टेम्पर केलेलं ६० एचआरसीचं ब्लेड कुणी ३०० ला "स्ट्रेस काढायला" ठेवलं तर ते ५५-५६ वर येऊन बसतं, आणि मग पार्टी म्हणते धारच टिकत नाही.

निवृत्त_फोरमन
आणि वेल्डिंगमध्ये उलट. तिथे हार्डनेस उतरावा म्हणूनच एसआर करतात. वेल्डच्या शेजारचा पट्टा कडक होऊन बसतो, तिथून भेग जाते. प्रेशर व्हेसलला कोडप्रमाणे साध्या कार्बन स्टीलला ५९५ च्या वर ठेवायचं, त्याने तो पट्टा मऊ होतो. सगळीकडे हार्डनेस वाचवायचाच असतो असं नाही.

स्क्रू_बॅरल (जळगाव)
धाग्याच्या विषयाला लागूनच. आमचे एक्स्ट्रूडर स्क्रू ईएन ४१ बी चे, नायट्राइडिंगवाले (नायट्रोजन मुरवून वरचा थर कडक केलेले). नायट्राइडिंग करून आले की लांब स्क्रूला बाक. आधी एसआर करायचं का? आणि किती अंशाला? नायट्राइड झाल्यावर हार्डनेस जाणार नाही ना?

धातूवाली
तुमच्याकडे तिन्ही तापमानं एका रांगेत बसवावी लागतात. नायट्राइडिंग साधारण ५०० ते ५२५ ला, बरेच तास. तेवढा वेळ त्या तापमानात राहिला की स्क्रूमध्ये जो ताण शिल्लक असेल तो तिथेच सुटणार आणि बाक येणार. म्हणून एसआर नायट्राइडिंगच्या *वर* आणि कोअरच्या टेम्परिंगच्या *खाली* करायचं. कोअर ६०० ते ६५० ला टेम्पर केलेला असेल तर एसआर ५५० ते ५७५ ला, फ्लाइटचं (स्क्रूच्या आट्यांचं) रफ मिलिंग झाल्यावर, फिनिशच्या आधी. मग जो काही बाक यायचा तो आधीच येऊन जातो, तुम्ही तो फिनिशमध्ये काढता, नायट्राइडिंगमध्ये फारसं काही उरत नाही.

स्क्रू बनवणाऱ्याने बार कोणत्या कंडिशनमध्ये घेतला ते विचारा. टेम्परिंग ५५० लाच झालं असेल तर ५७५ ला एसआर केल्यावर कोअर मऊ होईल.

नायट्राइडिंगनंतरचा पृष्ठभाग ९०० ते ११०० विकर्सच्या घरात असतो. तो कडकपणा मार्टेन्साइटचा नाही, नायट्राइडच्या बारीक कणांचा, आणि ते ५०० च्या वर तयार झालेले. म्हणून पीव्हीसी किंवा पॉलिथिनच्या २०० अंशांच्या आसपासच्या कामात तो जात नाही.

स्क्रू_बॅरल
आणि नायट्राइड झालेला स्क्रू प्रेसवर सरळ केला तर?

धातूवाली
वरचा थर ठिसूळ असतो, केसासारख्या भेगा जातात. फ्लाइटच्या मुळाशी डाय पेनिट्रंट (भेगा दाखवणारा रंग) मारून बघा, लाल रेघा दिसतील. सरळ करायचा तर नायट्राइडिंगच्या आधी. आणि थंड दाबून सरळ केला असेल तर त्यानंतर एसआर पुन्हा, कारण दाबून आणलेला सरळपणा हा सुद्धा ताणच असतो. नायट्राइडिंगच्या भट्टीत तो सुटतो आणि स्क्रू परत मूळ बाकाकडे जातो.

स्क्रू_बॅरल
आमचा मिस्त्री नेमकं हेच करतो. एसआर करून आला की प्रेसवर दाबतो, आणि तसाच नायट्राइडिंगला पाठवतो. उद्या क्रम बदलायला लावतो.